विटांचा घुमट

मुलुंडला छोट्या कारखान्यांच्या रांगेत शेवटी आमची पत्र्याची शेड होती. माझे मिस्टर तिथं गोबर गॅसचे ड्रम बनवायचे. ड्रम म्हणजे भलीमोठी लोखंडी टोपी. शेणाच्या खड्ड्यावर ती पालथी तरंगते. गॅस साठला की वर येते, शेगडी पेटली की हळूहळू खाली बसते. वेल्डिंग मिस्टर आणि एक म्हातारे मिस्त्री करायचे, काळा रंग मी लावायचे. दुपारी डबा घेऊन जायचे, पदर खोचायचे आणि ब्रश हातात घ्यायचे. रंगाचा वास केसांतून जायचा नाही. चाळीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या आणि मला हसू यायचं.

ड्रम ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जायचे. गॅसचा खड्डा बांधणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळे, म्हणून आमचं चाले. गावोगावी खड्डे बांधून देणाऱ्या संस्थेचा सुपरवायझर टेम्पो घेऊन यायचा.

एकदा तो टेम्पो न घेता आला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "नियम बदललाय. आता ड्रमऐवजी विटांचा घुमट बांधला तरी अनुदान आहे. सगळं जमिनीखाली, लोखंड लागतच नाही. स्वस्त पडतं, मग शेतकरी तेच मागणार ना?"

"आणि हे दोन तयार आहेत ते?" मिस्टरांनी विचारलं.

"बघतो, कोणी विचारलं तर सांगतो."

तो गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "वाट लागली म्हणजे." मी उरलेला रंग लावून संपवला. ब्रश घासलेटमध्ये धुतला, घरी आले, मेथी निवडली. काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहत होते, पण काहीच वाटत नव्हतं.

पुढे महिना-दोन महिने कोणीच आलं नाही. तरी मिस्टर रोज शेड उघडायचे, स्टुलावर बसायचे, डबा खायचे. एका रविवारी म्हणाले, "चल, तो घुमट तरी बघून येऊ."

एस.टी.नं शहापूरच्या पुढं एका गावात गेलो. गोठ्यामागं सारवलेली जमीन होती आणि एक पाइप वर आला होता. बाकी दिसण्यासारखं काही नव्हतं. वर कोंबड्या फिरत होत्या. घरातल्या बाईनं आम्हाला आत नेलं आणि शेगडीला काडी लावली. निळी ज्योत, आमच्या ड्रमच्या गॅसवर पेटायची तशीच.

"आधी लाकडं फोडून हात जायचे," ती म्हणाली. "लोखंडाचा परवडला नसता आम्हाला. तुम्ही पण बसवणार का?"

मिस्टर गुडघ्यावर बसून पाइपाचा सांधा बघत होते. "नाही, आमच्याकडं गुरं नाहीत," ते म्हणाले. मग सांध्यावर बोट फिरवून म्हणाले, "चांगलं काम केलंय."

तिनं चहा दिला, आम्ही प्यालो. परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, "अहो, राग नाही आला?"

"कोणाचा?"

मला कोणाचंच नाव सुचेना.

ते दोन ड्रम शेवटी मिस्टरांनी स्वतःच कापले. भंगारवाला अख्खे न्यायला तयार नव्हता. मी दाराशी उभी होते. गॅस कटरखाली माझा काळा रंग फुगायचा, जळायचा, त्याचा घाण धूर डोळ्यांत जायचा. मिस्त्रींनी डोळे पुसले, ते धुरानं की कशानं कोण जाणे. माझे कोरडेच होते. मी तुकडे एकावर एक रचत गेले.

शेड पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एकानं घेतली. मिस्त्री गावी गेले. मिस्टर भांडुपला दुसऱ्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या करायला लागले. सगळीकडं नव्या सोसायट्या उठत होत्या, त्यामुळं जाळ्यांना मरण नव्हतं. संध्याकाळी ते घरी आले की मी विचारायचे, "आज काय केलंत?"

"जाळ्या."

मग मी ताटं घ्यायचे.