मोजा चावला त्या दिवशी

माझ्या डाव्या पायाला जो साप चावला, तो आम्ही मेडिकलमधून विकत आणला होता.

त्याचं असं झालं. झरीच्या शाळेत उभ्यानं शिकवून शिकवून माझ्या पिंढरीवर निळ्या शिरांचं असं जाळं झालं होतं, की त्यावर पोरांना नद्यांचा धडा शिकवता आला असता. परभणीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, "व्हेरिकोज व्हेन्स. शिरांतल्या झडपा बिघडल्यात. लेसरनं शीर बंद करता येते. तोवर हे घट्ट मोजे घाला, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी."

लेसर म्हटल्यावर मला घाम फुटला. मी मोज्यांवर समाधान मानलं. (केवढं शहाणपण!)

मोजे मातकट रंगाचे, मांडीपर्यंतचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर आडवी, पाय छताकडे, आणि आमचे हे मोजा ओढायलेत.

"जोर लावा की जरा!"

"लावायलोय! तू पाय ढिला सोड!"

मोजा पिंढरीपर्यंत चढला आणि गुडघ्याखाली गुंडाळी होऊन जो रुतून बसला, तो वर जाईना की खाली येईना. पायाला मुंग्या आल्या. पाऊल निळं पडायला लागलं. हे कात्री शोधायला धावले आणि माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, अंगणात!

"धावा रे! सुनंचा पाय निळा पडला!"

शेजारचे मारोतीभाऊ काठी घेऊनच आले. निळा पाय, वर करकचून आवळलेली पट्टी.

"वहिनी, साप कवा चावला?"

"साप नाही हो, मोजा आहे!"

"बरळायल्यात. इख डोक्यात चढलंय!"

तेवढ्यात हे कात्री घेऊन आले. मारोतीभाऊंनी ती हिसकावली. "पट्टी कापता व्हय? इख वर चढंल ना!"

"अहो, तो मोजा आहे!" हे ओरडले.

"घाबरलंय बिचारं," आत्याबाई म्हणाल्या. पोटचा पोरगा, त्याचंही ऐकेनात!

इतक्यात पलंगाखालच्या अंधारात मारोतीभाऊंना मातकट वेटोळं दिसलं. दुसरा मोजा! त्यांनी तो काठीनं बडव बडव बडवला, लांबूनच बादलीत लोटला आणि वर परात झाकली. मग मला उचलून जीपमध्ये घातलं. मला तर वाटलं, खरंच साप चावला असता तर बरं झालं असतं. निदान कुणी माझं ऐकलं असतं! पाय बधिर झाला होता, मी हमसून रडत होते, आणि बादली माझ्याच मांडीवर.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "साप आणलाय का?"

मारोतीभाऊंनी अभिमानानं परात काढली. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले.

"बिनविषारी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पायावरची गुंडाळी कापली. पायात रक्त उतरलं तेव्हा मी किंचाळलेच. "मोजा असा गुंडाळून राहू द्यायचा नसतो, बाई. अजून उशीर झाला असता तर पाय धोक्यात होता."

पुढच्याच महिन्यात मी मुकाट्यानं लेसर करून घेतलं. गुडघ्यापाशी सुईएवढं छिद्र पाडलं, शीर आतून बंद केली, त्याच दिवशी चालत घरी!

पण गावात अजूनही वाटेत बाया थांबवून विचारतात, "बाई, इख समदं उतरलं का?"

मी आता "उतरलं" म्हणून मोकळी होते. शिरा, झडपा, लेसर सगळं समजावून सांगायचं म्हणजे तासभर परत उभं राहणं आलं!