नागोबाला दगड लागलाय!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राव, मागाहून हसलात तर तंबाखू घशात जाईल! माझ्या सासुरवाडीत आजही मी पाय ठेवला, की बायका तोंडाला पदर लावतात. का? तर एका निरोपापायी.

तेव्हा आमचं नवं लग्न. आम्ही आळ्याचे, सासुरवाडी बेल्ह्याची. त्या दिवशी बेल्ह्याचा बाजार, आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बरोबर घेऊन बैल बघायचा बेत. पागोटं बांधून निघणार, तोच परसातून कारभारणीची हाक.

"अवं, इकडं या! पण पळत नका येऊ!"

आता अशी हाक ऐकून कोण पळणार नाही? गेलो. बघतो तर गडग्याचा, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणाचा, दगड निसटलेला, आणि शेजारी अस्सल नाग! कमरेत मार बसलेला. सापाला कंबर कुठं असते ते मला ठाऊक नाही, पण जिथं असेल तिथंच लागलं होतं. फणा काढायचा, डोलायचा, पुन्हा खाली पडायचा.

मी काठी उचलली.

"मारू नका हो! जखमी हाय बिचारा."

"बिचारा? अगं, चावला तर मी बिचारा हुईन!"

पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी विरघळलो. नवं लग्न हो! लांब बांबूच्या टोकाला कोंबड्या झाकायचं डालं अडकवलं आणि दुरूनच, श्वास रोखून, त्याच्यावर पालथं घातलं. वर घोंगडी टाकली. घोंगडीवर, हलायला नको म्हणून, चटणी वाटायचा पाटा ठेवला.

तेवढ्यात रस्त्यानं रतनशेठ चाललेले. जुन्नरचे मारवाडी कापडवाले, तट्टूवर गाठोडी लादून बाजाराला निघालेले.

मी ओरडलो, "शेठ, आमच्या मामांना निरोप द्या! म्हणावं, नागोबाला दगड लागलाय. त्याला सोडून बाजाराला येता येत न्हाई."

"अरेरे! जिता हाय ना?" शेठ कळवळले. मुंगीलाही जपणारा माणूस तो.

"जिता हाय, पण उठता येत न्हाई. डाल्याखाली झाकलाय. उन्हं उतरली की माळावर नेऊन सोडतो."

शेठनं हात जोडले आणि तट्टू हाकलं.

आता गोम अशी, की माझ्या धाकट्या मेव्हण्याचं नाव नागोबा. नागपंचमीचा जन्म त्याचा. आणि मला बाजाराला घेऊन यायला मामांनी त्याच सकाळी त्याला आळ्याकडं धाडलेला! तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नव्हतं आलं हो!

ऊन कलायच्या आत दारात बैलगाडी. ती थांबायच्या आधीच सासूबाईंनी उडी टाकली. केस सुटलेले, गळा काढलेला.

"कुठाय माझा नागोबा?"

मला वाटलं, काय ही भक्ती! म्हटलं, "मामी, घाबरू नका. परसात हाय. आता फुसफुसणं कमी झालंय."

"दम लागलाय पोराला!" मामांनी कपाळावर हात मारला.

"खायाला काय दिलं त्याला?" मामींनी विचारलं.

"काय देणार? उंदीर कुठनं आणू?"

मामांनी माझ्याकडं जे बघितलं ना, तसं नागानंही बघितलं नव्हतं!

"आन् माळावर सोडणार त्याला? लाज न्हाई वाटत?"

"मग काय घरात ठिवू, मामा?"

पण मामी थांबतात कशाला? त्या परसात पोचल्या. "अगं आई गं! पाटा ठिवला माझ्या लेकरावर!"

लेकरावर? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण साप म्हणायचं राहिलंच, मी नुसता ओरडलो.

"मामी, हात लावू नका! डसल!"

"डसू दे! माझ्या पोटचा हाय!"

पाटा धाडकन बाजूला. घोंगडी ओढली. कारभारणीनं धावत जाऊन आईला कमरेत धरून मागं खेचलं, मी बांबूनं डालं दाबून धरलं, आणि डाल्याच्या आत फणा उभा! फुस्स!

मामी मटकन खाली बसल्या.

"ह्यो... ह्यो आमचा न्हाई."

आणि रस्त्यानं ऊस सोलत आला कोण? मेव्हणा! वाटेत दोस्ताच्या गुऱ्हाळात रस पीत बसलेला. "आई, तू हितं कशी?"

मामींनी त्याला मिठी मारली, मग थोबाडीत मारली, मग पुन्हा मिठी मारली.

उन्हं उतरल्यावर मामांनी आणि मी डाल्याखाली लांब फळी सरकवली, दोरानं आवळली आणि बांबूला टांगून माळावर नेली. लांबूनच बांबूनं डालं उलथलं. नाग थोडा वेळ पडून राहिला, मग जरा वाकडातिकडा सरपटत दगडांत शिरला. खरं सांगतो, माझेही हात जोडले गेले.

मामींनी लेकासाठी तूप आणि मऊ भात आणलेला. तो आम्हीच जेवलो. जेवताना मामी म्हणाल्या, "जावईबापू, सरळ साप म्हणायला काय झालं व्हतं?"

"मामी, जखमी जीव. म्हटलं, मानानं नाव घ्यावं."

"आन् माझ्या पोराचं नाव तुमच्या ध्यानात आलं न्हाई?"

कारभारीणच बोलली, "कसं येईल, आई? हे त्याला नेहमी गाढवा म्हणूनच हाक मारतात."

मामांनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, "वाढ गं त्यांना. गाढव उपाशी राहाया नको."

आणि भात, राव, माझ्या ताटात पडला!