इंचाला तीनशे

फोटो छापून देणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली 'तीनशे' म्हणायची. इंचाला तीनशे ठिपके बसत नसतील तर तो फोटो छापायचाच नाही. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, हा ढिम्म! कुणी म्हणालं, "अहो, कॉम्प्युटरवर आकडा वाढवा की," तर तीनशे भडकायचा. "ते वाढीव ठिपके कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने भरतो. उद्या तुमचं नाकही त्यालाच ठरवू द्या!"

मग एकदा घरचंच गिऱ्हाईक आलं. थोरली बहीण. वडील कंबरेचं हाड मोडून महिनाभर पलंगावर होते आणि त्यांना समोरच्या भिंतीवर आई हवी होती, हसणारी. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅमेरा दिसला की ती श्वास रोखून उभी राहायची. हसतानाचा फोटो एकच, तोही घोळक्यातला, कुणाच्या तरी फोनवरून आलेला.

तीनशेने त्यातला आईचा चेहरा कापून घेतला. रुंदीला जेमतेम सहाशे ठिपके. नियमाने छापला, तर दोन इंच झाला. सुरेख, रेखीव आणि काडेपेटीएवढा.

वडिलांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग उशीशी ठेवून दिला. "छान आहे," म्हणाले आणि पुन्हा रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. ताई मात्र स्वयंपाकघरात त्याच्यावर उखडली. "भिंतीवर लावायला मोठा कर म्हटलं होतं ना? तुझे ते तीनशे ठिपके घाल चुलीत!"

दुसऱ्या दिवशी त्याने निमूटपणे तेच सहाशे ठिपके वीस इंचांवर पसरले. नवे भरले नाहीत, तेवढी अब्रू राखली. इंचाला तीस! कागद बाहेर आला, तर आईच्या गालावर नुसते चौकोन. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी त्याने तो नेऊन भिंतीवर लावला, खिशातलं भिंग काढलं आणि अगदी नाक लावून बघितला. "वाईट आलाय हो बाबा. उतरवतो."

"अरे, बाजूला हो आधी," पलंगावरून वडील म्हणाले. "तू मध्ये उभा राहिलास तर ती दिसणार कशी?"

तो मागे येऊन त्यांच्या पायाशी बसला. दहा फुटांवरून चौकोन कुठच्या कुठे गेले होते. आई हसत होती, अगदी तोंडभरून. तीनशेला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

आता दुकानात फोटो आला की ठिपके मोजण्याआधी तो विचारतो, "बघणारं माणूस किती लांब आहे?"