पोह्यांचा डबा बार्सिलोनाला जातो

आमच्याकडे ऑकलंडला आइस्क्रीमचा रिकामा डबा कुणी फेकत नाही. फ्रीजमध्ये एकावर एक चढत जातात. उघडून बघावं तर एकात चटणी, दुसऱ्यात इडलीचं पीठ, आइस्क्रीम मात्र कशातच नाही! आमच्या मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात, आणि त्यातले निम्मे बार्सिलोनाचे असतात.

मंडळ म्हणजे रविवारी सकाळी ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात प्रशांतच्या घरी जमून स्पेनमधल्या बार्सिलोना टीमची फुटबॉल मॅच बघणारी आम्ही मोजकी माणसं. तिकडची शनिवारची रात्र ही आमची रविवारची सकाळ. जग बिअर घेऊन मॅच बघतं, आम्ही पोहे घेऊन! प्रशांत ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. गुरू आयटीतला आणि पुण्याचा, म्हणजे त्याला माहीत नाही असं काही नाही. मी मंजू, न्यू लिनला फार्मसिस्ट. आणि पोहे करणाऱ्या माई, प्रशांतची आई, मिरजेच्या निवृत्त शिक्षिका.

माई दरवर्षी यायच्या आणि काही महिने राहून परत जायच्या. प्रशांतचे बाबा गेल्यापासून मिरजेच्या घरात त्या एकट्याच. प्रशांत म्हणायचा, इथेच राहा कायमची, कागदपत्रांचं मी बघतो. माई म्हणायच्या, "बघू." २०१५च्या सुमाराला त्या आल्या तेव्हा मात्र "बघू" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता एवढा प्रवास झेपत नाही रे. ही माझी शेवटची फेरी." प्रशांत उठून घरापुढच्या लाकडी डेकचं काम बघायला बाहेर गेला. त्याला आईला पाठवायचं नव्हतं, आणि हट्ट करायलाही जमत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याने जाहीर केलं, "माईला बार्सिलोनाला नेतोय. जरा एकत्र फिरलो की तिचं मन बदलेल."

गुरू म्हणाला, "मनुरेवात राहावंसं वाटावं म्हणून बार्सिलोना दाखवणार? उलटंच होईल लेका!"

प्रशांतची बायको रश्मी नर्स, तिला रजा मिळाली नाही. माझा नवरा फुटबॉल लागला की झोपायला जातो. मग निघालो आम्ही चौघं.

*

माईंचं फुटबॉल वेगळं आहे. त्या नेहमी हरणाऱ्या टीमच्या बाजूने असतात. मॅचच्या मध्येच पारडं फिरलं तर त्याही फिरतात!

"माई, हे चीटिंग आहे," गुरू म्हणायचा.

"जिंकणाऱ्याला तुम्ही सगळे आहात की! हरणाऱ्याचं कोणीतरी नको का?"

आणि बघायच्या त्या फक्त गोलकीपरला. बाकीचे दहा जण कुठे धावतायत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. प्रशांत शाळेत गोलकीपर होता. त्याच्या मॅचेस असायच्या शनिवारी दुपारी, आणि त्याच वेळेला माईंची शिकवणी. शिकवणीवर घर चालायचं. पोरगा गोलमध्ये उभा राहिलेला त्यांनी कधीच बघितला नव्हता. हे त्यांनी मला पोह्यांवर खोबरं भुरभुरताना सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "लिंबू दे गं."

*

माईंचं न्यूझीलंडचं इंग्लिश तीन शब्दांचं. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला नमस्काराचं 'किया ओरा'. बसच्या ड्रायव्हरला 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम मस्त. तिसरा शब्द त्यांना शेजारच्या सामोअन बाईंनी दिला. त्यांच्या झाडाला फेजोआ लागले की त्या कुंपणावरून पिशव्याच्या पिशव्या द्यायच्या. माई संकोचून "बास, बास" म्हणायला लागल्या की त्या हसून म्हणायच्या, "टेक, टेक! वी हॅव हीप्स!"

माईंनी मला अर्थ समजावून सांगितला. "हीप्स म्हणजे पुष्कळ नव्हे. जिथे मोजत बसायचं नसतं ना, तिथे हीप्स म्हणायचं."

मी इतकी वर्षं इथे आहे, मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

*

बार्सिलोनात पहिल्या दिवशी गुरूने आम्हाला तिथलं ते प्रसिद्ध, शंभराहून अधिक वर्षं बांधकाम चालू असलेलं चर्च दाखवायला नेलं. गाइड करायची गरज नव्हती, गुरू होता! कळसाजवळ क्रेन उभी, खाली आम्ही माना वर करून. आतल्या खांबांवरून रंगीत उजेड खाली येत होता, आणि माई हात जोडून बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

"ज्याने हे बांधायला काढलं त्याला माहीत असणार ना रे," त्या म्हणाल्या, "की आपल्या हयातीत हे काही पुरं होत नाही?"

"असणारच, माई."

"तरी सुरुवात केली. मोठ्या मनाचा माणूस."

मग त्या प्रशांतकडे वळल्या. "आणि तुझं डेक?"

प्रशांतने घरापुढे एक डेक बांधायला घेतलं होतं. माईंना तिथे खुर्ची टाकून रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून. खांब उभे राहिले आणि ते तसेच राहिले. "करतोय गं, हिवाळ्याआधी," तो म्हणाला. "निदान क्रेन तरी लाव," माई म्हणाल्या. "लोक बघायला येतील."

*

मॅचच्या दिवशी खरा प्रश्न वेगळाच होता. पोह्यांशिवाय आमच्यातल्या कुणी मॅच म्हणून बघितलेली नव्हती. माईंनी मनुरेवाहून पातळ पोहे आणलेच होते. भाड्याच्या घरातल्या एवढ्याशा ओट्यावर त्यांनी ते भाजून चिवडा केला आणि आइस्क्रीमच्या डब्यात भरला. हो, तो डबासुद्धा ऑकलंडहून आला होता.

गुरू म्हणाला, "स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं अजिबात चालत नाही. मला माहीत आहे." त्याने डबा जॅकेटच्या आत पोटाशी लपवला. गेटवरच्या माणसाला ते चौकोनी पोट बघून शंका आली आणि त्याने गुरूला बाजूला घेतलं. डबा निघाला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा परत दिला. मग, भरलेली बाटली कुणी मैदानात फेकू नये म्हणून, आमच्या पाण्याच्या बाटलीचं टोपण काढून घेतलं आणि म्हणाला, जा!

हाफटाइमला बघतो तर काय, अख्ख्या स्टँडमध्ये ॲल्युमिनियम फॉइलचा चुरचुर आवाज. जो तो घरून आणलेलं सँडविच सोडत होता.

माई गुरूला म्हणाल्या, "डबा आणणारी माणसं आहेत रे ही. आपल्यातलीच!"

आमची टीम धडाधड गोल मारत होती. स्टँड उभं राहायचं, माई बसलेल्या. "च्च! पोर एकटं पडलंय तिकडे." मग पाहुण्यांच्या गोलकीपरने एक बॉल झेपावून अडवला आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममधल्या आमच्या कोपऱ्यात एकटीनेच टाळ्या वाजवल्या, माईंनी! पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. माईंच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. त्यांनी माईंकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं, आणि बियांची पुडी त्यांच्यापुढे केली. माईंनी डबा पुढे केला. शेवटी त्या दोघांनी काय खाल्लं आणि मॅच किती बघितली, मला सांगता यायचं नाही.

*

नाइटलाइफची जबाबदारी गुरूची. कुठला क्लब, किती वाजता, कुठे रांग कमी, सगळं पाठ. पण माईंना दुपारी झोपायची सवय, आणि त्या गावात दुपारी दुकानं बंद. "शहाणं गाव आहे," म्हणून त्या रोज ताणून द्यायच्या आणि रात्री टवटवीत. जेटलॅगचा मारा झाला तो गुरूवर. घराजवळच्या चौकात जेवायला बसलो आणि तो खुर्चीतच घोरायला लागला. ही आमची नाइटलाइफ!

चौकात मात्र जत्रा होती. पोरं बॉल खेळतायत, आजोबा कुत्री फिरवतायत, बाकांवर आज्या बसल्यात. माई त्यांच्यात जाऊन बसल्या. आज्या स्पॅनिश बोलत होत्या, माई मराठी. मी फार्मसिस्ट असल्याने विषय लांबूनच ओळखला, गुडघे. गुडघ्यांना भाषा लागत नाही.

मनुरेवात संध्याकाळ झाली की रस्त्यावर मांजरही दिसत नाही, ही माईंची कायमची तक्रार. परत टेबलाशी आल्या तेव्हा गालांवर लाली होती. गुरू जागा झाला होता. म्हणाला, "माई, तुम्हाला गाव मानवलं. इथेच राहा आता!"

"गाव फार छान आहे रे," माई म्हणाल्या. "पण इथे माझं कोण आहे?"

बोलून झाल्यावर त्या स्वतःच थांबल्या, काहीतरी आठवल्यासारख्या. प्रशांत कॉफीच्या कपाकडे बघत राहिला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बिल मागवलं.

*

शेवटच्या सकाळी समुद्रावर गेलो. वाळूत पन्नाशीतले काही लोक फुटबॉल खेळत होते, पोटं सुटलेली, आरडाओरडा शाळकरी. त्यांचा गोलकीपर लंगडत बाहेर आला आणि त्यांनी आमच्याकडे बघून हात केला.

प्रशांतने पायातल्या जँडल्स काढल्या आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

माई उठल्या. साडीचा ओचा सावरत वाळूतून चालत गेल्या आणि बरोबर गोलच्या मागे जाऊन बसल्या. प्रशांतला ते माहीत नव्हतं. पहिला बॉल त्याच्या पायांमधून गेला. दुसरा डोक्यावरून. मागून टाळ्या आल्या तेव्हा त्याने वळून बघितलं, आणि तेवढ्यात तिसरा गेला!

"समोर बघ, समोर!" माई ओरडल्या. चाळीस वर्षांचं साठलेलं ओरडून घेतलं त्यांनी.

त्या दिवशी माईंना बाजू बदलावी लागली नाही. हरणारा घरचाच होता.

परतताना प्रशांत म्हणाला, "एकही अडवला नाही गं."

"तू उडी कशी मारतोस ते बघायचं होतं मला," माई म्हणाल्या. "छान मारतोस."

*

परतीच्या विमानात प्रशांतने राहण्याचा विषय काढला नाही. माईंचं मुंबईचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. उलट तो त्यांना ऑकलंडच्या इमिग्रेशनचं उत्तर पाठ करून घेत होता. "किती दिवस राहणार विचारतील. म्हणायचं, वन मंथ." माई म्हणायच्या, "वन मंथ." परत विचारायचा, परत म्हणायच्या. दर वेळी त्याचा आवाज आणखी खाली जायचा.

ऑकलंडला पहाटे उतरलो. काउंटरवर एक धिप्पाड, हसऱ्या बाई होत्या. माई पुढे, त्यांच्या बाजूला मदतीला प्रशांत, मागे आम्ही दोघं.

"किया ओरा," माई म्हणाल्या.

"किया ओरा, आंटी!" बाई खूश. पासपोर्ट चाळत विचारलं, "हाउ लाँग आर यू स्टेइंग विथ अस?"

प्रशांतने माईंकडे बघून ओठांनीच आठवण करून दिली, वन मंथ.

माईंनी पदर सारखा केला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाल्या,

"हीप्स!"