गोपनीय फायलीतले सेहेचाळिसावे पान

सरकारी कागदाच्या गुप्ततेला चार श्रेणी असतात. सर्वांत वर परम गुप्त, त्याखाली गुप्त, मग गोपनीय आणि शेवटी प्रतिबंधित. कागद बाहेर फुटला तर किती नुकसान होईल, यावर त्याची श्रेणी ठरते. आणखी एक नियम असा की, फायलीत जो कागद सर्वांत वरच्या श्रेणीचा असेल, तीच श्रेणी त्या साऱ्या फायलीला लागते. एकच पान गोपनीय असले तरी उरलेली साधी पाने त्याच्याबरोबर कुलपात जातात. विभागात नव्याने आलेल्यांना हा नियम मी वर्षानुवर्षे समजावून सांगत आलो. सांगताना थोडा अभिमानही वाटायचा, हे आज कबूल करायला हवे.

दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयात साध्या फायली आता संगणकावर चालतात. गोपनीय फायली मात्र अजून कागदी, लोखंडी कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. सायंकाळी टेबल मोकळे करूनच उठायचे, ही माझी जुनी शिस्त. त्या शिस्तीतच घात झाला.

विभागातील एक सहायक, मूळच्या लातूरकडच्या, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. कार्यालयात त्या मला सर म्हणत आणि घरी दादा. त्यांची आई पुण्यात भावाकडे होती. तिला विस्मरणाचा आजार जडला होता. पुण्याच्या कार्यालयात बदली मिळावी, असा अर्ज त्यांनी डॉक्टरांच्या कागदांसह माझ्या हाती दिला. "सर, अजून ती मला ओळखते. तेवढ्यात जाता आलं तर बरं," एवढेच त्या म्हणाल्या.

अर्ज स्कॅन व्हायचा होता, म्हणून टेबलावर ठेवला. शेजारी त्याच पुणे कार्यालयातील एका अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीची गोपनीय फाइल उघडी होती. शुक्रवार होता, मी आवराआवर करीत होतो. दोन्हींवर कार्यालयाचे नाव एकच. मी तो अर्ज फायलीत ओवला, लाल शाईने कोपऱ्यात ४६ हा आकडा घातला आणि फाइल वर पाठवून दिली. न वाचता. पुढच्या पानांवर क्रमांक पडत गेले, त्या क्रमांकांचा हवाला देत साहेबांनी शेरे लिहिले.

बदल्यांची समिती दर तीन महिन्यांनी बसते. ती बसली आणि यादीत बाईंचे नाव नव्हते. त्या विचारायला आल्या, तेव्हा मी "बघतो" म्हणालो. त्याच दुपारी ती गोपनीय फाइल वरून परत आली. ती उघडली आणि सेहेचाळिसाव्या पानावर त्यांचे वळणदार अक्षर दिसले. ते पान आता नियमाने गोपनीय झाले होते. काढायचे तर अवर सचिवांची लेखी परवानगी हवी आणि ते तिथे कसे पोचले, याचा खुलासाही. खुलासा माझ्या सहीचा.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या.

"सर, माझ्या अर्जाचं काही कळलं?"

मी खाली बघत म्हणालो, "मॅडम, ते प्रकरण सध्या गोपनीय आहे. मला काही बोलता यायचं नाही."

शब्दशः पाहिले तर वाक्य खरे होते. त्या खरेपणाचा आधार घेऊन मी तीन महिने काढले.

वाईट हे की, त्या नाराज झाल्या नाहीत. आनंदल्या. घरी आल्यावर पत्नी मला म्हणाली, "अहो, तिची फाइल अगदी वरपर्यंत गेली म्हणे! आईला फोनवर सांगत होती, गोपनीय आहे, म्हणजे नक्की काहीतरी चाललंय. एकदम खूश आहे ती."

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. जेवता जेवता उठायचो. रोज कपाट उघडायचो, फाइल काढायचो, परत ठेवायचो. गोपनीय कागद कोणाला दाखवावा, याचीही कसोटी ठरलेली आहे: ज्याला ती माहिती असणे आवश्यक आहे, त्यालाच. त्या कसोटीने तो एक कागद पाहण्याचा हक्क साऱ्या मंत्रालयात कोणाला होता, हे मला ठाऊक होते.

पुढची समिती जवळ आली, तेव्हा मी टिप्पणी लिहिली. अर्ज चुकून ओवला गेला, असे एक वाक्य, आणि अर्जदारास मी खरे कारण सांगितले नाही, असे दुसरे. अवर सचिवांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे यार, ग़लती से टैग हो गया, इतना काफ़ी है। ये दूसरा वाला क्यों? आपसे किसने पूछा?"

मी दुसरे वाक्य काढून टाकले. पान फायलीतून सुटले आणि समितीकडे गेले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. थंडीचे दिवस. त्या ब्लॉकपुढच्या हिरवळीवर उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

"म्हणजे माझा अर्ज कुणी वाचलाच नव्हता?"

"नाही."

"आणि ते गोपनीय?"

"मी घाबरलो होतो. तोंडाला आलं ते बोललो."

त्या हसल्या, पण ते हसू लगेच विरले. "तुम्ही चूक झाली म्हणाला असतात ना दादा, तर मी त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला असता. नाहीतर रजा टाकून गेले असते. मी इथं वाट बघत बसले, वरचे लोक विचार करतायत म्हणून." त्यांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "जा तुम्ही आता. वहिनींना सांगा, मटार पाठवते."

मटार खरेच आले.

त्या समितीत बदली मंजूर झाली आणि त्या पुण्याला गेल्या. जाताना पत्नीला भेटल्या. मी कार्यालयात होतो. महिनाभर काही कळले नाही. मी रोज विचारायचो आणि पत्नी रोज "बरी आहे" म्हणायची. एका संध्याकाळी मी खोलीत येरझाऱ्या घालीत असताना तिने हातातले काम ठेवले.

"दादांना सांगू नका म्हणालीय ती. पण तुमच्या या फेऱ्या बघवत नाहीत. आई ओळखत नाही तिला. कामाला ठेवलेली बाई समजते. दुपारी विचारते, बाई, तुमचं घर कुठं?"

मी फोन हातात घेतला.

"कशाला?" पत्नी म्हणाली. "तिला काय सांगणार आहात? की तुम्हाला बरं वाटावं म्हणून करताय?"

मी फोन ठेवून दिला.