सायराभाभींची बाटली

खैरुद्दीनभाई खोटं बोलत नाहीत, हे करामातल्या आमच्या आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकानं नारळ उचलला की हेच सांगणार, "तो नको घेऊस, आतून गेलाय." असा माणूस धंदा कसा करतो, देव जाणे! पण वीस वर्षं करतोय. मूळचे रत्नागिरीचे, आमच्यासारखेच इथे आखातात आलेले. अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर. त्यांच्याकडून आलेलं भांडं माझी बायको अनुराधा कधी रिकामं परत देत नाही, आणि त्यांच्या सायराभाभी आमचं देत नाहीत.

आणि मी? मी गुणवंत. ऑफिसात क्वालिटी मॅनेजर, घरी चोर.

मला घरी आंबट बिअर करायची खाज सुटली होती. इथे दुकानातून रीतसर आणता येते, घरी करणं गुन्हा. हे माहीत असून पुण्याच्या मित्राकडून माल्ट आणि यीस्ट मागवलं. माल्टचं पाणी उकळलं, निवल्यावर दह्याची निवळ घालून दोन दिवस आंबवलं, पुन्हा उकळून गार केलं आणि यीस्ट घातलं. आता त्यात फळ कुठलं? सायराभाभी गावाहून कोकमाचं आगळ आणतात. "सोलकढीला हवंय," असं सांगून मागितलं. भाभींनी दोन लिटरची बाटली गच्च भरून दिली. अनुराधाला थाप मारली, कोकमाची कांजी करतोय, पोटाला बरी. बिअर झाली तेव्हा माझ्या बाटल्या कमी पडल्या, म्हणून भाभींचीच धुऊन तीत भरली. रंग काय सुरेख आला होता! लाज वाटायची, तर मला अभिमान वाटत होता.

रमजानचा दुसरा आठवडा. ऑफिसातून आलो, फ्रीज उघडला, तर बाटली गायब.

"ती होय? भाभींना परत दिली," अनुराधा म्हणाली. "रिकामी कशी देणार? भरलेलीच दिली. म्हटलं, यांनी कांजी केलीय, रोजा सोडताना पोटाला बरी."

अजानला पाच मिनिटं होती.

अनवाणी धावलो. त्यांचं दार उघडंच होतं. दस्तरखानाभोवती सगळे बसलेले, मध्ये खजूर, आणि प्रत्येकापुढे माझ्या बिअरचा पेला.

"अंकल, इट्स सो फिझी!" त्यांची मुलगी नबिला हसून म्हणाली.

"थांबा! पिऊ नका! ते... ते..." त्या पोरीसमोर, भाभींसमोर दारू हा शब्द कुठल्या तोंडानं काढू?

खैरुद्दीनभाईंनी आपला पेला नाकाशी नेला. एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"आगळ नासलंय," ते म्हणाले. "कुणी पिऊ नका."

सगळे पेले त्यांनी स्वतः उचलून सिंकमध्ये ओतले आणि साबण लावून हात धुतले. मग अजान झाली. म्हणजे रोजा अजून सुटलाही नव्हता, आणि गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेला तो माणूस माझ्यापायी घरच्यांशी खोटं बोलला होता.

नमाजानंतर त्यांना जिन्यात गाठलं. "भाई, माफ करा."

"माझ्याकडे काय मागतोस? रोज्यात खोटं बोललो, मलाच मागायचीय," ते म्हणाले. "जा, घरात असेल तेवढं ओतून टाक. खलास."

सगळं ओतलं. अनुराधा शेजारी उभी राहून बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात सायराभाभी. हातात तीच बाटली, ताज्या आगळानं भरलेली. मागे खैरुद्दीनभाई, नजर जमिनीवर.

"भाऊ, माफ करा हां," भाभी म्हणाल्या. "माझं आगळ आजवर कधी नासलं नव्हतं. यंदा मीठ कमी पडलं असणार. तुम्ही एवढ्या मायेनं कांजी केलीत, ती माझ्यामुळं फुकट गेली. काल झोप नाही लागली मला."

भाभी, मीठ बरोबर होतं. चार शब्द. ओठांवर आले होते. पण खरं सांगावं तर त्यांचा नवरा खोटा पडणार. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली.

"असू दे भाभी," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."

आणि हात पुढे करून बाटली घेतली. माफ केलं मी त्यांना!