गंजाला हात लावू नका

चिंचेचा आंबट वास आला, की धुळ्यातली ती प्रयोगशाळा आठवते. धुरातला विषारी वायू मारण्यासाठी मी लोखंडी चकत्यांवर गंज चढवून त्यावर प्लॅटिनमचे सुटे सुटे अणू बसवले होते. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि अख्खी पीएचडी त्या चकत्यांवर उभी होती. तपासणीच्या सकाळी सफाईच्या मावशींना बजावलं, "सगळं घासा, पण गंजाला हात लावू नका!" परतलो तर चकत्या आरशासारख्या लखलखीत, आणि चहाचं काळंकुट्ट पातेलं, ज्याला आमच्याकडे गंज म्हणतात, ते मात्र तसंच! मावशी खुशीत म्हणाल्या, "भाऊ, गंजले हात नही लावा, बठ्ठ्या चकत्या चिंच लाईसन घशी टाक्यात!" आता शिकवणीत हा किस्सा मी रंगवून सांगतो, मुलं पोट धरून हसतात, मी डॉक्टर झालो का, हे कोणी विचारत नाही.